एस्टीत बसून गेलेली बातमी

माज्या पंक्चरच्या दुकानात भितीला पेपरचं एक कात्रण चिकटवलंय. आता पिवळं पडलंय, एका कोपऱ्याला ग्रीस लागलंय. येणारा जाणारा वाचतो आन् इचारतो, "एवढा भारी बँड व्हता व्हय रं?" मी म्हणतो, बसा, ट्यूब वाळंस्तवर सांगतो. ट्यूबला सोल्युशन लावलं की जरा वाळू द्यावं लागतं, तेवढ्या येळात ही गोष्ट बसती. न्हायच बसली तर मी त्याच ट्यूबला आणखी एक पंक्चर हुडकतो.

मला वाचाय येतं, पण एकेक अक्षर धक्का मारून. दुसरीत मी दोन वर्षं बसलो. तिसऱ्या वर्षी मास्तर म्हणले, आता तू माज्या शेजारी खुर्चीच टाक. त्यांनी टोमणा मारलता, मला वाटलं बढती झाली. घरी जाऊन पेढं मागितलं. तवापासनं शाळा बंद.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. गावात टीव्ही आलता, पण फोन एकच, तोबी पोस्टात. पयल्या एस्टीतनं पेपरचा गठ्ठा आमच्या लोणी भापकरच्या फाट्यावर पडायचा, तो माज्याच दुकानात. लोक हितंच बसून मोठ्यानं वाचायचे, आन् मी टायर काढता काढता ऐकायचो. जगात काय चाललंय ते मला सगळं ठावं असायचं, फक्त ते कसं लिहित्यात ते ठावं नव्हतं.

गावात माजी इज्जत म्हणाल तर अशी, की मयतीला गेलो तरी लोक माज्या तोंडाकडं बघून हसायचे. मी काय बोललो न्हाय तरी हसायचे. असल्या माणसावर कुणी काम टाकत न्हाय. जयंतीच्या कमिटीत मी दहा-बारा वर्षं व्हतो, आन् माजं काम काय, तर पताकांच्या दोरीचा गुंता सोडवायचा. तोबी मीच केलेला असायचा.

त्या साली मिरवणुकीला बँड आणायचं ठरलं. आदल्या साली नुसतं लाऊडस्पीकर लावलं व्हतं, तर आयाबाया कान झाकून चालल्या. कमिटीचे अध्यक्ष तात्या. ते वालचंदनगरच्या कारखान्यातनं रिटायर झालेले, कॉलनीत राहिलेले, त्यांना सगळं शिस्तीत लागायचं. त्यांनी पेपरातली एक बातमी वाचून दाखवली. बारामतीचा एक बँड, कुठल्या तरी गावात वाजवून आलेला. "एकवीस कलाकारांच्या बँड पथकाने रसिकांना मंत्रमुग्ध केले."

मी इचारलं, "मंत्रमुग्ध म्हंजे काय झालं त्यांना?"

तात्या म्हणले, "गप्प झाले."

"मंग मी बोलाय लागलो की तुमी समदे व्हता तसं."

"आमी कट्टाळून गप व्हतो," तात्या म्हणले. "त्यात फरक हाय."

आता बारामतीला जाऊन बँडाला सुपारी देऊन यायचं कुणी? कुणी शाळेत मास्तर, कुणी बँकेत, कुणी सोसायटीत, कुणाची कांदा काढणी. रिकामा मी एकटा. तरी तात्या तयार व्हईनात. म्हणले, "ह्याला पाठवला तर हा बँड सोडून सर्कस घेऊन यील." तवा आबा बोलले. आबा माजे चुलते. गुडघ्याचा तरास, म्हणून हातात कायम काठी. कमी बोलणारा माणूस. म्हणले, "जाऊ द्या त्याला. माज्या जिम्मेवर." एवढंच. आयुष्यात पयल्यांदा कुणीतरी माज्यावर कायतरी टाकलं व्हतं, आन् ते टाकताना खाली आपला हात धरला व्हता.

एस्टीत बसवाय आबा फाट्यावर आले. म्हणले, "कानानं ऐकून ये. पेपरात ऐकू येत न्हाय."

मी म्हणलं, "व्हय आबा."

बारामतीला बँडवाल्याच्या दुकानात गेलो. भितीला काचेच्या चौकटीत सात-आठ कात्रणं टांगलेली. बँडमास्तर जाडजूड, मिशीला काळा रंग, तो वरच्या ओठालाबी थोडा लागलेला. मी म्हणलं, "एकवीस हायत ना? मंग जरा वाजवून दावा. आमच्या आबांनी ऐकून याय सांगितलंय."

मास्तर म्हणले, "सीझनमधी आमी रिकामं वाजवत न्हाय, पाव्हणं. पोरांची दमछाक व्हती. हितं कात्रणं हायत, वाचून घ्या."

आता मला नीट वाचाय येत न्हाय हे कसं सांगू? मी म्हणलं, "चष्मा इसरलो."

"मंग मी वाचतो," मास्तर म्हणले. आन् त्यांनी चौकट खाली काढून स्वतःचीच स्तुती मला स्वतः वाचून दाखवली. काय आवाज लावला व्हता. मधी मधी थांबून माज्याकडं बघत. एका ओळीला तर त्यांचंच डोळं भरून आलं. मला एकदाबी वाटलं न्हाय, की अरे, ज्याचं कौतुक हाय तोच वाचतोय. त्यांनी चहा पाजला, वर खारी दिली. खारी ताजी व्हती. मी सुपारी दिली, इसार दिला आन् घरी येऊन आबांना सांगितलं, "ऐकून आलो."

खोटं न्हवतं. ऐकूनच आलतो की.

जयंतीच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास पेपरचा वार्ताहर त्याच्या एम-एटीवरनं दुकानात आला. बारामतीत वह्या-पेनांचं दुकान चालवायचा आन् जोडीला बातम्या द्यायचा. त्याची रीत अशी, की दिवसभराच्या बातम्या लिहून लिफाफ्यात घालायच्या आन् चारच्या पुणे एस्टीच्या डायवरच्या हातात द्यायच्या. पुण्यात स्टँडवर पेपरचा माणूस लिफाफा घ्यायचा. चारच्या आत घडलं ते उद्याच्या पेपरात. चारनंतर घडलं ते कुठंच न्हाय, कारण परवा त्याला शिळं म्हणत्यात. त्यात जयंती, तालुक्याच्या गावागावात मिरवणुका, आन् सगळ्या संध्याकाळी.

वही काढून म्हणला, "मिरवणूक झाली का?"

मी म्हणलं, "पाचला हाय की."

"मंग झाली असं समजून सांगा."

"कशी झाली म्हणून सांगू?"

"चांगली झाली म्हणा. आजपातुर वाईट झाली म्हणून कुणी सांगितलंय मला?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सगळे विहाराकडं मंडप बांधत व्हते. मला सांगा, ज्याला दुसरीपुढं कुणी काय इचारलं न्हाय, त्याला पेपरवाला समोर वही धरून म्हणतोय, सांगा. मी सुटलो. म्हणलं, एकवीस जणांचा बँड, काय तो सूर, काय तो ताल, आयाबाया पदर खोचून नाचल्या, म्हाताऱ्या माणसांनी हातातल्या काठ्या टाकल्या आन् ठेका धरला.

वार्ताहर थांबला. "काठ्या टाकल्या. हे बरं हाय. हे कुठल्याच गावात न्हाय झालं आज."

"लिवा मंग."

"आन् परिश्रम कुणी घेतलं?"

ही बातमीतली शेवटची ओळ. कार्यक्रम यशस्वी करण्यासाठी अमक्या तमक्यांनी परिश्रम घेतले. ती ओळ न्हाय तर बातमी कुणी वाचत न्हाय. मी कमिटीची तेरा नावं सांगितली आन् आपलंच नाव आधी घेणं बरं दिसत न्हाय म्हणून माजं शेवटी, चौदावं. वार्ताहर एम-एटीला किक मारून गेला. मी हात धुतलं, निळी टोपी घातली आन् विहाराकडं गेलो.

पाचला बँड आला. टेम्पोतनं उतरले, लाल कोट, सोनेरी पट्ट्या, डोक्याला तुरा. तात्यांनी मोजले, एकवीस. आबांनी काठीनं मोजले, एकवीस. आबांनी माज्याकडं बघून मान हलवली. ती मान अजून माज्या डोळ्यापुढं हाय. त्याच्यानंतर वर्षभर तशी मान कुणी हलवली न्हाय.

मंग बँड सुरू झाला.

आता मी हवेच्या धंद्यातला माणूस. कुठं हवा भरली हाय आन् कुठनं जातीया एवढंच मला कळतं. एकवीस माणसं वाजवत्यात आन् आवाज येतोय पाच-सहा जणांचा, म्हंजे कुठंतरी गळती हाय. मी बँडच्या कडंकडंनं चालाय लागलो. पुढं ढोल आन् ताशा, ते खरे. क्लॅरनेटवर एक म्हातारा, पुढचं दोन दात न्हायत, तोबी खरा. त्याच्या मागं ट्रंपेटवाल्यांची रांग. सगळ्यांचं गाल फुगलेलं. पण जो खरं फुंकतो त्याच्या मानंची शीर वर येती, डोळं लाल व्हत्यात. ह्यांचं डोळं गार. एकाचा तर एकच गाल फुगलेला. नीट बघितलं तर आत तंबाखू.

मी तिसऱ्या ट्रंपेटच्या तोंडाशी तळहात धरला. काय न्हाय. उन्हाळ्यातली झुळूकबी न्हाय.

तो वाजवणारा खालच्या आवाजात म्हणला, "ओळखलं का?"

मी बघितलं, तर बारामतीच्या मंडईत पाट्या उचलणारा माणूस.

"मागल्या म्हैन्यात माज्या सायकलचं पंक्चर काढलं व्हतं तुमी," तो म्हणला. "घरापातुरबी टिकलं न्हाय."

आमी दोघंबी एकमेकाचं काम ओळखून व्हतो.

बँडाकडं चाली तीनच. त्याच फिरून फिरून. त्यात फोटोला हार घालायच्या येळेला नवरी वाटं लावायची चाल निघाली. बायांनी एकमेकीकडं बघितलं. एका आजीला सवयीनं हुंदकाबी आला. आमच्या मंडळीनं नव्या पांढऱ्या साडीचा पदर नाचाय म्हणून खोचला व्हता, तो खोचलेलाच राहिला. मधी एकदा ढोल थांबला आन् तो म्हातारा एकटाच क्लॅरनेट वाजवत राहिला, चार-पाच मिंटं. तेवढं लई चांगलं व्हतं. माज्या अंगावर काटा आला. पण मागच्या गल्लीतल्या लोकांपातुर ते गेलंच न्हाय, आन् लगेच ढोलानं ते बुजवून टाकलं. लोक नुसते चालत राहिले. बाजाराला निघाल्यागत.

मिरवणूक संपल्यावर टेम्पोमागं मी मास्तरला धरलं. "एकवीस सांगितली व्हती."

"एकवीसच आणली. मोजली की तुमी."

"वाजवणारी किती?"

मास्तरनं टोपी काढली. घामानं मिशीचा रंग गळ्यापातुर आलता. म्हणला, "माज्याकडं वाजवणारी नऊच हायत, पाव्हणं. पयल्यापासनं नऊ. आज लग्नाची तिथ दाट, त्यातली चार तिकडं गेली. एका पेपरवाल्यानं एकदा एकवीस छापलं. कुठनं आकडा आणला कुणास ठावं. तवापासनं जो येतो तो एकवीस मागतो. नऊ म्हणलं की दारातनं माघारी जातो. तुमी काय इचारलंत आल्या आल्या?"

मी आल्या आल्या इचारलं व्हतं, एकवीस हायत ना?

आन् तवा माज्या डोक्यात उजेड पडला, की माजी बातमी तर चारच्या एस्टीत बसून गेलीया. आमी हितं मुकाट्यानं चालत व्हतो तवा पुण्यात कुठंतरी आमी नाचलो म्हणून छापत व्हते. एस्टी काय माघारी बोलवता येत न्हाय. बोलवता आली असती तरी माज्या हाताला ती थांबली नसती. फाट्यावर मी रोज हात करतो, आन् डायवर रोज हात करून पुढं जातो.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा पडला तसा मी तो ट्रकच्या टायरात घातला आन् वर बसलो. तात्या आले, मागनं कमिटी, मागनं आबा.

"पेपर?"

"आज आला न्हाय, तात्या."

"मंग बुडाखाली काय हाय?"

मी उठलो. तात्यांनी मोठ्यानं वाचलं. सूर, ताल, रसिक मंत्रमुग्ध. सगळे एकमेकाकडं संशयानं बघाय लागले. एक जण म्हणला, "दुसऱ्या गावची बातमी आपल्या नावावर पडली वाटतं." तात्यांनी पुढं वाचलं. "वयोवृद्धांनी हातातील काठ्या टाकून ठेका धरला."

सगळ्यांनी हळूच मान वळवली. आमच्या गावात तवा काठी घेऊन हिंडणारं माणूस एकच, आबा.

आबांनी काठीकडं बघितलं. मंग माज्याकडं बघितलं. त्यांना कळलं. असलं बोलणारं तोंड गावात एकच हाय हे त्यांनाच काय, कुत्र्यालाबी कळलं असतं.

पण तेवढ्यात तात्या शेवटच्या ओळीवर आले. कार्यक्रम यशस्वी करण्यासाठी, आन् मंग नावं. तेराच्या तेरा, श्री. लावून. ज्याचं नाव येईल तो जरा ताठ व्हायचा. तेरावं झालं, मी कान टवकारलं, आन् तात्या म्हणले, "आदींनी परिश्रम घेतले." माजं नाव जागा न्हाय म्हणून काढलं व्हतं. ते "आदी" म्हंजे मी.

तात्यांनी पेपरची घडी घातली. "तसं बरं लिवलंय," ते म्हणले.

बँकेतला म्हणला, "बँड तसा वाईट नव्हता."

"क्लॅरनेट तर चांगलंच व्हतं."

"आपलं मागं लक्ष नव्हतं, पुढं नाचत असत्याल."

दुपारपातुर एकबी पेपर शिल्लक राहिला न्हाय. दिवस जसा चढंल तसा बँड चांगला व्हत गेला. संध्याकाळी मला एक जण सांगत व्हता, काय नाचलो राव काल. मी त्याला मिरवणुकीत पारावर बसून शेंगा खाताना बघितलं व्हतं.

आबा तेवढे थांबले. सगळे गेल्यावर म्हणले, "बँडवाल्यानं तुला काय दिलं?"

"चहा."

"आन्?"

"खारी."

"एका खारीवर मला नाचवलंस," आबा म्हणले, आन् गेले. त्या दिवसापासनं दुकानावर यायचं बंद. रस्त्यात दिसले तरी काठी पुढं आन् नजर काठीवर. लोक हसले की मला बरं वाटायचं, पण आबा हसतबी नव्हते आन् रागवतबी नव्हते. ते इश्वास ठेवून बसले व्हते आन् तो त्यांनी उचलून नेला.

मी बारामतीला गेलो. म्हणलं, खरी बातमी छापा. बँड पडला, मी खोटं सांगितलं, असं छापा.

वार्ताहर वह्या मोजत व्हता. म्हणला, "खुलासा पायजे? देतो. पण त्या बातमीत तेरा नावं हायत. त्यातल्या एकाची सही आणा."

मी गावात हिंडलो. सही कशाला देत्यात. तात्यांनी तर कात्रण चौकटीत घातलं व्हतं. म्हणले, "कारखान्यात तीस वर्षं हाडं झिजवली, परिश्रम घेतले म्हणून कुणी लिवलं न्हाय. आता लिवलंय ते तू पुसाय निघालास व्हय?" मला त्यांचंबी पटलं. मला कुणाचंबी पटतं, हीच माजी खोड.

अशात पंधरा दिवसांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यातनं, लोणी देवकरवरनं तिघं आले. त्यात एक आमच्या गावचा जावई. तिकडच्या एमआयडीसीत कारखान्यात कामाला. पौर्णिमेला त्यांच्या वसाहतीची मिरवणूक, तिला बँड पायजे. कात्रण दोन्ही तालुक्यांत पोचलं व्हतं. त्यांची रीत बरी व्हती, सुपारी द्यायच्या आधी ज्या गावात वाजला त्या गावाला इचारायचं. तात्यांनी त्यांना घेऊन दुकानावरच बैठक मारली. जावयासाठी चहा आला. कमिटी जमली. आबाबी आले, जावई त्यांच्याच भावकीतला, पण माज्याकडं पाठ करून बसले.

तात्या म्हणले, "बँड एक नंबर. छापलंय त्यात एक अक्षर कमी न्हाय."

"जास्त असंल," आबा काठीला म्हणले.

जावई जरा हुशार माणूस. त्याला वास आला. इचारलं, "सुपारी द्याय कोण गेलतं?"

सगळ्यांनी माज्याकडं बोट केलं. मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडं बघत व्हतो.

"पाव्हणं, तुमचं काय मत?" जावयानं मला इचारलं.

मत. मला त्या शब्दाची सवय नव्हती. मी हात पुसलं. आबांची पाठ माज्याकडं व्हती आन् ती पाठ ऐकत व्हती. मी म्हणलं, "बँड पडला. एकवीस कोट व्हते, वाजवणारी पाच. बातमी मिरवणुकीच्या आधीच गेली. ती मीच सांगितली. काठ्या मीच टाकायला लावल्या."

तिघंबी हसाय लागले. पोट धरून हसले. जावई म्हणला, "पाव्हणं लई मिश्कील हायत बगा. पेपरवाला काय येडा हाय, वाजायच्या आधी छापाय?" तात्याबी हसले, सुटल्यागत हसले. मी परत सांगितलं, ते परत हसले. आयुष्यभर मी हसवाय बघितलं, आन् त्या दिवशी पयल्यांदा मला वाटलं, हसू नका रं बाबांनो.

तवा आबा वळले. म्हणले, "ह्यानं खोटं सांगितलं ते तुमी चौकटीत घातलं. आज खरं सांगतोय तर दात काढताय."

सगळे गप झाले. मंत्रमुग्ध नव्हं, नुसते गप.

तात्या म्हणले, "म्हंजे आमची नावं खोटी?"

मी म्हणलं, "नावं खरी हायत, तात्या. परिश्रमबी खरं. मंडप तुमीच बांधला. फक्त बँड खोटा."

जावई म्हणला, "मंग दुसरा बघावा लागंल."

हितं मी सोडून दिलं असतं तर चाललं असतं. पण मला तो दात पडलेला म्हातारा आठवला, ती चार-पाच मिंटं. मी म्हणलं, "न्हाय. ह्योच घ्या. पण नऊच मागा. कोट नका मोजू. क्लॅरनेटवाला म्हातारा आन् त्याच्याबरोबरचे आठ, आन् त्या दिवशी दुसरी सुपारी घ्यायची न्हाय असं कबूल करून घ्या. आन् आधी ऐका."

जावयानं डोळं बारीक केलं. "एवढं बोलताय, मास्तरनं काय दिलं तुमाला?"

"खारी," आबा म्हणले.

पौर्णिमेला आबा सकाळीच दुकानावर आले. म्हणले, "शटर ओढ. ऐकाय जायचंय." दोन एस्ट्या बदलून आमी लोणी देवकर गाठलं. वाटंत मी आपला खिडकीतनं ऊस बघत बसलो, आन् मनात म्हणलं, ह्या खेपेला बँड पडला तर मी इंदापूरच्या पुढं सोलापुरापातुर चालत जातो, गावात यायचं काम न्हाय.

दिवस कलला तसा बँड उतरला. नऊ जण. एवढ्या मोठ्या रस्त्यावर नऊ जण म्हंजे लग्नातनं चुकून आलेली माणसं दिसत व्हती. कारखान्यातली माणसं कुजबुजाय लागली. जावई माज्याकडं बघत व्हता. मास्तरबी माज्याकडं बघत व्हता, रागानं, बारा जणांची रोजी मी बुडवली म्हणून. त्याचंबी बरोबर व्हतं. तो मंडईतला माणूस माज्या डोळ्यापुढं आला. त्याला एका संध्याकाळचं कोट घालाय मिळत व्हतं, ते माज्यामुळं गेलं.

वाजाय लागले. मी ऐकाय उभा राहिलोच न्हाय. सरळ मागच्या रांगेत गेलो आन् ट्रंपेटच्या तोंडाशी हात धरला. वाजवणारा खेकसला, "ए, हात काढ." त्याच्या मानंची शीर दोरीगत वर आली व्हती. हाताला धक्का बसला. गरम वारा आन् मुंग्या. दुसऱ्याला धरला, तिथंबी. तिसऱ्यानं लाथ उचलली.

मंग मी ऐकलं. सगळं चांगलं नव्हतं. ताशावाला घाई करत व्हता, आन् एक चाल मधीच मोडली. पण म्हाताऱ्यानं क्लॅरनेट वर उचललं की बाकीचे आठ खाली यायचे, त्याला वाट द्यायचे. गल्लीच्या टोकापातुर ऐकू गेलं. बाया गॅलरीतनं खाली आल्या.

आबा माज्याजवळ आले. काठी माज्याकडं केली. म्हणले, "धर जरा."

मी धरली. आबांनी दोन्ही हातानं टाळ्यांचा ठेका धरला, जागच्या जागी, गुडघा न हलवता. लई येळ न्हाय. काठी परत घेताना म्हणले, "हे त्या वहीवाल्याला सांगू नको."

सांगितलं न्हाय. तिकडचं पेपरात कायबी आलं न्हाय. पुढच्या साली आबांनी बँडाची सुपारी माज्याच हातात दिली, आन् जयंतीच्या दिवशी दुपारी दोनला स्वतः दुकानात येऊन बसले. वार्ताहर आला. वही काढून म्हणला, मिरवणूक झाली का? आबा म्हणले, "न्हाय." तो एम-एटी वळवून गेला. त्या साली आमची बातमी न्हाय. तात्या वर्षभर माज्याशी बोलले न्हायत.

कात्रण मी तरी भितीवर ठेवलंय. आबांनीच ठेवाय सांगितलं. म्हणले, असू दे, गिऱ्हाईक इचारंल.

द्या ती ट्यूब. वाळली. आता नीट बसली का ते तुमी घरी गेल्यावर कळंल.